आधी फोनची यादी कर

तुझा मेसेज वाचला. तालुक्याला मेडिकल ऑफिसर म्हणून लागलीस, छानच झालं. परत कोविडसारखी साथ आली तर पहिल्यांदा काय करायचं असं विचारलंस, त्याचं उत्तर दोन ओळीत मावेना म्हणून हे लांबलचक लिहितोय, निवांत वाच.

बेड, व्हेंटिलेटर, ऑक्सिजन लागतंच गं, त्यावर वाद नाही. पण २०२० च्या एप्रिल-मेमध्ये मुंबईत काय चाललेलं आठव. पॉझिटिव्ह रिपोर्ट घरी यायचा आणि मग घरातला पोरगा एकेका हॉस्पिटलला फोन लावत बसायचा, हे म्हणणार तिकडे बघा, ते म्हणणार इकडे बघा, आणि तोवर आजोबांना धाप लागलेली. कुठेतरी बेड रिकामा असायचाही, पण ह्यांना पत्ता नाही. लक्षणं नसलेला घाबरून बेड अडवून बसलेला आणि ज्याला खरंच गरज तो बाहेर रिक्षात! मे महिन्यात सरकारने खाजगी हॉस्पिटलचे ८० टक्के बेड आपल्या हातात घेतले आणि जूनमध्ये महापालिकेने २४ वॉर्डांत वॉर रूम काढल्या, म्हणजे पॉझिटिव्ह लोकांची यादी वॉर्डाकडे, तिथून पेशंटला फोन, वय किती, शुगर आहे का, बोलताना दम लागतो का, आणि बेड कुणाला द्यायचा ते तिथला डॉक्टर ठरवणार. ओळखीपाळखी एकदम बंद पडल्या असं मी म्हणणार नाही, पण फोन कुठे करायचा हे तरी लोकांना कळलं.

आता तुझ्याकडे मुंबईसारखं जम्बो सेंटर, म्हणजे साथीपुरतं उभं केलेलं मोठं कोविड हॉस्पिटल, नसणार. पण कुठल्या दवाखान्यात किती ऑक्सिजन बेड आहेत, ॲम्ब्युलन्सवाल्याचा चालू असलेला नंबर कुठला (बोर्डावर लिहिलेला बहुतेक बंद असतो), रात्री दोनला सिलेंडर कोण भरून देतो, ही यादी आत्ताच कर आणि दर महिन्याला स्वतः फोन लावून बघ. १७ एप्रिल २०२१ च्या मध्यरात्री मुंबईत सहा हॉस्पिटलांत ऑक्सिजन संपत आला, तर १६८ पेशंट रातोरात दुसरीकडे हलवले. कुठे जागा आहे आणि गाडी कुठली, हे त्या वेळी शोधत बसले असते तर काय झालं असतं विचार कर. आणि नंदुरबारला कलेक्टर राजेंद्र भारूड यांनी दुसरी लाट यायच्या आधीच ऑक्सिजन प्लांट उभे केले होते, मुंबईपेक्षा तुला तेच उदाहरण जास्त जवळचं आहे.

दुसरं म्हणजे लोक. धारावीत १ एप्रिल २०२० ला पहिला पेशंट सापडला, तिथे एका खोलीत आठ-दहा माणसं आणि संडास सार्वजनिक, घरात वेगळं राहा कुणाला सांगणार? शाळा आणि हॉल घेऊन क्वारंटाइन केलं. पण मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की तिथले गल्लीतले खाजगी डॉक्टर सोबत घेतले, पीपीई किट दिले आणि त्यांना घेऊन ताप तपासायला गेले. महापालिकेचा माणूस दारात आला की लोक ताप लपवतात, रोजच्या डॉक्टरला खरं सांगतात. १८९७ ला पुण्यात प्लेगच्या वेळी रँडने सोल्जर घरात घुसवले, तर लोकांनी पेशंटच लपवायला सुरुवात केली. तेव्हा तुझ्या गावातला तो इंजेक्शन देणारा डॉक्टर, मेडिकलवाला, सरपंच यांच्याशी आत्तापासून चहापाण्याचे संबंध ठेव, नाक मुरडू नकोस.

आशाताईंचं तर काय सांगू. सर्व्हे त्यांच्यावर, शिव्याही त्यांनाच, आणि मानधन उशिरा. साथ आली की मास्क, ग्लोव्हज, ऑक्सिमीटर पहिले त्यांच्या हातात दे, आणि ऑक्सिमीटर वाचायचं नीट शिकव, गार बोटाला, मेंदी किंवा नेलपॉलिशवर लावलं तर आकडा चुकतो. ९४ च्या खाली आला की त्यांनी कुणाला विचारत न बसता थेट तुला फोन करायचा, रात्री तीन वाजले तरी.

यादी झाली की मला पाठव, एकदा नजर टाकतो.