मेक्सिको सिटीत पत्रकारितेची इंटर्नशिप: आधी स्पॅनिश, मग तिकीट

तू पुण्यात पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला आहेस, स्पॅनिश ए-टूपर्यंत, म्हणजे प्राथमिक पातळीपर्यंत, झालंय आणि पुढच्या उन्हाळ्यात तीन महिने मेक्सिको सिटीत इंटर्नशिप करायची आहे. इंग्रजीवर निभेल का, व्हिसाचं काय, धोका किती आणि शाकाहारी माणसाचे जेवणाचे हाल होतील का, असं विचारलंस. ताई म्हणालीस, म्हणून सरळ अगं-तुगं करते. मी इथेच राहते, बातम्यांच्याच कामात आहे.

इंग्रजीवर निभणार नाही. परदेशी वृत्तसंस्थांची कार्यालयं इथे आहेत आणि त्यांचा मजकूर इंग्रजीत जातो हे खरं, पण त्यामागची प्रत्येक ओळ स्पॅनिशमधून आलेली असते. साधं उदाहरण देते. कामाच्या दिवशी रोज सकाळी राष्ट्राध्यक्षांची पत्रकार परिषद असते, तिला सगळे ‘मान्यानेरा’ म्हणतात. आधीचे राष्ट्राध्यक्ष लोपेस ओब्रादोर यांनी २०१८च्या डिसेंबरमध्ये ती सुरू केली, त्यांच्यानंतरच्या राष्ट्राध्यक्ष क्लाउदिया शेनबाउम यांनी पुढे चालू ठेवली. ती तास-दीड तास सहज चालते. नव्या इंटर्नच्या गळ्यात पहिल्यांदा काय पडतं, तर असलं ऑडिओ ऐकून उतरवून काढणं आणि फोन करून नावं, आकडे पडताळणं. ए-टूवर हे जमत नाही. त्याच्या दोन पायऱ्या वरचं बी-टू हवं, तेही पुस्तकातलं नाही, कानाचं.

म्हणून माझं स्पष्ट मत: पुढचा उन्हाळा सोड, त्याच्या पुढचा धर. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा जिथे शिकते आहेस तिथे बी-वन पूर्ण कर, रोज मेक्सिकन रेडिओच्या बातम्या ऐक. मग इथे येऊन मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाच्या, म्हणजे ‘उनाम’च्या, परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्रात एक सत्र कर. सेपे नावाचं हे केंद्र १९२१पासून चालू आहे, विद्यापीठाच्या मुख्य आवारातच. त्यानंतर इंटर्नशिपला लाग. वर्ष वाया गेलं असं घरी कुणी म्हणालं, तर त्यांना हे सगळं वाचून दाखव.

भाषेवर मी इतकी अडून का बसते, त्याला कारण आहे. १९ सप्टेंबर २०१७च्या भूकंपात शहराच्या दक्षिणेला एक शाळा कोसळली. ढिगाऱ्याखाली फ्रिदा सोफिया नावाची मुलगी जिवंत आहे अशी बातमी पसरली आणि सारा देश टीव्हीसमोर श्वास रोखून बसला. नंतर नौदलानेच सांगितलं, अशी मुलगी नव्हतीच. ढिगाऱ्यापाशी उभे असलेले बातमीदार स्पॅनिशच बोलत होते, तरी ऐकीव गोष्ट पुढे गेली. ज्याला अर्धंच कळतं त्याच्या हातून काय होईल, विचार कर. ‘असं म्हणतात’ आणि ‘मी पाहिलं’ यांतला फरक माणूस घाईत, रडत, अर्धवट वाक्यात बोलत असताना पकडता आला पाहिजे.

आता धोका. घरच्यांना काळजी वाटते, आणि ती अनाठायी नाही. २०००पासून इथे दीडशेहून अधिक पत्रकारांचे खून झाले. बेराक्रूसमध्ये २०१२ साली रेखिना मार्तिनेस, २०१७ साली चिहुआहुआत मिरोस्लावा ब्रीच आणि कुलियाकानला हाविएर वाल्देस. ही नावं इथल्या प्रत्येक न्यूजरूममध्ये आदराने घेतली जातात, तूही येण्याआधी त्यांचं काम वाच. पण या यादीत परदेशी पाहुणे जवळजवळ नाहीत. मारले जातात ते गावातले, जिल्ह्यातले बातमीदार. स्थानिक पुढारी, पोलीस आणि टोळ्या यांच्या साट्यालोट्यावर ते लिहितात आणि त्यांचं घर कुठे हे सगळ्यांना ठाऊक असतं. तू तीन महिन्यांनी विमानात बसशील. तुला गाडीतून फिरवणारा, ओळखी करून देणारा सहकारी तिथेच राहील. म्हणून राजधानीबाहेरच्या गुन्हेगारीच्या बातमीला इंटर्न असताना हात घालू नकोस. कुणी उत्साहाने पाठवत असेल तर नाही म्हण. कुणाचं नाव, गल्ली, फोटोत मागे दिसणारी दुकानाची पाटी, हे छापण्याआधी त्या माणसाला पुन्हा विचार. त्यालाही भाषाच लागते.

राजधानीत करण्यासारखं काम अमाप आहे. पाणी हा एकच विषय घे. २,२४० मीटरवरचं हे शहर तळ्याच्या गाळावर उभं आहे, जमिनीखालचं पाणी उपसून उपसून खचतं आहे, आणि इस्तापालापासारख्या भागात टँकरची वाट बघणं नेहमीचं आहे. मराठवाड्यातली टँकरची रांग पाहिलेल्या मुलीला तिथे काय विचारायचं हे शिकवावं लागणार नाही. माहिती अधिकारही वापर. आपला २००५चा कायदा नागरिकांपुरता आहे, इथे राज्यघटनेनेच तो कोणत्याही व्यक्तीला दिला आहे, कारण न विचारता. ऑनलाइन अर्ज करता येतो. यावर देखरेख ठेवणारी ‘इनाई’ ही स्वायत्त संस्था २०२५मध्ये बरखास्त झाली आणि तिचं काम सरकारी खात्याकडे गेलं. मला हे फार लागलं. तरी अर्ज करणं सोडू नये.

व्हिसा थोडक्यात. भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा युरोपातला शेंगेन यांपैकी एखादा चालू व्हिसा असेल तर वेगळा न काढता १८० दिवसांपर्यंत येता येतं, मात्र नक्की किती दिवस ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. या मुक्कामात इथून मानधन घेता येत नाही. स्टायपेंड मिळणार असेल तर संस्थेने आधी इमिग्रेशन खात्याची परवानगी काढलेली असली पाहिजे, ती कागदावर बघितल्याशिवाय तिकीट काढू नकोस. शिक्षणासाठी १८० दिवसांहून जास्त राहायचं असेल तर मेक्सिकोच्या भारतातल्या वकिलातीतून विद्यार्थी व्हिसा घे आणि इथे उतरल्यापासून ३० दिवसांच्या आत त्याचं कार्ड करून घे.

जेवणाचे हाल होत नाहीत. नोपाल म्हणजे निवडुंगाची पानं, भोपळ्याची फुलं, मक्याची टॉर्टिया, सगळं मिळतं. फक्त घेवड्याची उसळ डुकराच्या चरबीत परततात, म्हणून ‘मांतेका’ आहे का हे आधी विचार. मेट्रोचं तिकीट पाच पेसो, गर्दीत पुढचे डबे बायका-मुलांसाठी राखीव.

आणि एक सांगते. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे क्रांतिकारक म्हणून देश सोडून निघाले आणि शेवटी इथे चापिंगोच्या कृषिशाळेत मक्यावर संशोधन करणारे प्राध्यापक झाले. शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त कृषिशाळा चालवल्या. त्यांची आणि चित्रकार दिएगो रिवेराची मैत्री होती, जुन्या शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीतल्या भित्तिचित्रात रिवेराने त्यांना रंगवलंय. ते बघायला मी तुला नेईन.

संपादकांना मेल लिहिशील तेव्हा स्पॅनिशमध्येच लिही, छोटा लिही, आणि नुसता बायोडेटा न जोडता एक विषय मांड: कुठला भाग, कोणाशी बोलणार, कोणती कागदपत्रं मागणार. १२ डिसेंबरच्या ग्वादालुपेच्या सणापासून ६ जानेवारीपर्यंत इथे उत्तरं येत नाहीत, तेव्हा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पाठव. मसुदा आधी मला दाखव, स्पॅनिश तपासून देते.