"तिकडे जाऊन तुम्ही आमच्याच गोष्टी सांगता ना?"

विद्यापीठातला माझा कक्ष परीक्षा विभागाच्या जिन्याखाली आहे. जागा अंधारी, पावसाळ्यात ओल धरणारी. पण मुलांच्या दृष्टीने सोयीची. कुणी ओळखीचं दिसलंच तर "फॉर्मचं विचारायला आलो होतो" म्हणून निसटता येतं. समुपदेशकाकडे जाताना कुणी पाहिलं तर, ही पहिली भीती. आत येऊन बसलं की दुसरी सुरू होते: इथे बोललेलं जातं कुठे? रेक्टरकडे? घरी? पालकांचे फोन येतात तेही याच प्रश्नाचं दुसरं टोक धरून: "मॅडम, तो तुमच्याशी काय बोलतो ते आम्हाला कळणार की नाही?"

माझ्याकडे याचं एक तयार उत्तर होतं. एका मुलाने ते निकालात काढलं.

त्याचं नाव देत नाही. खोटं नावही देत नाही. खोटं नाव दिलं की आपण माणूस लपवला असं सांगणाऱ्याला वाटायला लागतं आणि बाकीच्या गोष्टी तो बिनधास्त सांगत सुटतो. हे मी स्वतः केलेलं आहे.

मुलगा दुसऱ्या वर्षाला होता. दोन विषय राहिलेले, आणि घरी सांगितलेलं की सगळे सुटले. झोप उडाली होती, मेसचं जेवण सुटलं होतं, पुस्तक उघडलं की अक्षरं नुसती दिसायची. तिसऱ्या भेटीत मी त्याला सरळ विचारलं, "मरून जावं असं वाटतं का?" असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात नको ते भरतं, असा पुष्कळांचा समज आहे. तसं होत नाही. बहुतेक मुलं कुणीतरी विचारलं म्हणून सैलावतात. तो म्हणाला, "विचार येतो, जातो. करायचं असं काही ठरवलेलं नाही." मग आम्ही दोघांनी मिळून रात्रीसाठी एक कागद केला. विचार वाढला तर आधी रूममेटला उठवायचं, मग मला फोन करायचा, मी उचलला नाही तर १४४१६. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं.

चौथी भेट बुधवारी होती. त्या दिवशी मी दारावर सूचना लावली होती: "गुरुवार-शुक्रवार समुपदेशक संमेलनासाठी पुण्यात. तातडीसाठी १४४१६." तो आला, बसला आणि दहा मिनिटं काही बोललाच नाही. मग म्हणाला, "मॅडम, तिकडे जाऊन तुम्ही आमच्याच गोष्टी सांगता ना?"

"नाही रे," हे शब्द अगदी ओठांवर आले होते. गिळले, कारण टेबलाखालच्या पिशवीत दोन पानं होती आणि ती त्याच्यावरच होती.

असल्या संमेलनांत काय चालतं ते बाहेर फारसं माहीत नसतं. भाषणं होतात, बॅग आणि पेन मिळतं, दुपारी जेवणानंतर डुलक्या काढल्या जातात. हे सगळं खरं. पण त्यातला एक भाग असा असतो की ज्यासाठी मी रजा टाकूनही जाईन. सहा-सात जणांचा गट, दार बंद, मोबाइल पिशवीत, आणि प्रत्येकाने आपली अडलेली केस मांडायची. आम्हीही अडतो. विद्यापीठाच्या आवारात समुपदेशक बहुधा एकटाच असतो. शेजारच्या टेबलावर विचारायला कुणी नसतं. सर्जनला आपली चूक क्ष-किरणात दिसते. आम्हाला ती दुसऱ्या समुपदेशकाच्या चेहऱ्यावर दिसते.

हे सगळं मी त्याला सांगितलं. नाव नसेल, विद्यापीठ नसेल, जिल्हा बदललेला असेल, हेही सांगितलं. तो उठून उभा राहिला.

"मी सांगितलेलं आता परत घेता येतं का?"

पहिल्याच दिवशी त्याने संमतिपत्रावर सही केली होती. त्यात हा मुद्दा स्पष्ट छापलेला आहे: तज्ज्ञांचा सल्ला घेण्यासाठी ओळख न देता चर्चा होऊ शकते. मीही तो वाचून दाखवला होता, एसटीतला कंडक्टर "पुढे सरका" म्हणतो त्या सुरात. ज्या मुलाला तीन रात्री झोप नाही तो सही कुठेही करतो. त्या सहीवर मी विसंबले होते.

आता माझी जुनी गोष्ट. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका संमेलनात मी एका मुलीची केस मांडली. नाव बदललं, शाखा बदलली, शहर बदललं. स्वतःवर खूश होते. चहाच्या वेळी एक गृहस्थ जवळ आले आणि हळूच म्हणाले, "अमुक तालुक्यातली ना ती? अकरावीला माझ्या वर्गात होती." मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण मी खोटं बोलतेय हे आम्हा दोघांनाही कळलं होतं. ओळख पटली होती ती मुलीच्या एका वाक्यावरून. ती ते सारखं म्हणायची, आणि मला ते इतकं बोलकं वाटलं होतं की मी ते जसंच्या तसं वाचून दाखवलं. परत आल्यावर तिला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या आठवड्यापासून यायची बंद झाली. तिच्या जागी मी असते तर मीही थांबले असते.

ही गोष्ट मी उभ्या असलेल्या त्या मुलाला सांगितली. मग पिशवीतली दोन पानं काढून त्याच्यापुढे ठेवली आणि पेन्सिल दिली. "जे नको ते खोड. सगळं खोडलंस तर पानं इथेच राहतील."

तो बसला. जिल्हा, वडिलांचा धंदा, शाखा हे सगळं मी काळजीपूर्वक बदललं होतं. त्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या पानावर एक ओळ होती, त्याच्या एका सवयीबद्दल. तिच्यावर त्याने अशी पेन्सिल ओढली की कागद फाटला. "हे वाचून आमचं अख्खं होस्टेल ओळखेल." माझ्या मते ती ओळ निरुपद्रवी होती. ती इथेही लिहीत नाही. घरच्या एका माणसाचा उल्लेख त्याने बदलायला लावला. मी आता त्यांना वहिनी म्हणणार आहे. खरं नातं निराळं. उरलेलं त्याने दोनदा वाचलं आणि म्हणाला, "हे न्या. पण काय म्हणाले ते मला सांगायचं."

संमेलनाचा पहिला दिवस विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २५ जुलै २०२५ च्या निकालाभोवती गेला. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं. कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण. हेल्पलाइनचे क्रमांक वसतिगृहात, वर्गात ठळक लावायचे. निकाल मोलाचाच आहे. पण सभागृहात अर्धेअधिक चेहरे नवे होते, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांकडे हे काम "अतिरिक्त कार्यभार" म्हणून आलं होतं. सकाळी वर्गात हजेरी घेणारे, अंतर्गत गुण देणारे सरच दुपारी समुपदेशक. गुण देणाऱ्या माणसापुढे कोणता मुलगा मन मोकळं करेल? एका तरुण बाईंनी उठून विचारलं, "आमच्याकडे दर महिन्याला नावांसकट अहवाल मागतात. काय करू?" आकडे द्या, नावं देऊ नका, नकार लेखी कळवा, असं तीन बाजूंनी उत्तर आलं. त्या लिहून घेत होत्या, पण नोकरी त्यांची होती, उत्तर देणाऱ्यांची नव्हती.

गोपनीयतेवर बोलणाऱ्या एका ज्येष्ठ बाईंनी तारासॉफ प्रकरण सांगितलं. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एका विद्यार्थ्याने उपचारांदरम्यान मानसशास्त्रज्ञाला सांगितलं की तो एका मुलीला मारणार आहे. मानसशास्त्रज्ञाने कॅम्पस पोलिसांना कळवलं, त्यांनी त्याला ताब्यात घेऊन सोडून दिलं. मुलीला आणि तिच्या घरच्यांना कुणीच काही सांगितलं नाही. १९६९ मध्ये त्याने तातियाना तारासॉफचा खून केला. १९७६ मध्ये तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ज्याला धोका आहे त्याला वाचवण्याची काळजी घेणं हे उपचार करणाऱ्याचंही कर्तव्य आहे. तो निकाल आपल्याकडे लागू नाही. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २३ आहे. आमच्यातले सगळेच त्या कायद्याच्या व्याख्येत बसतात असं नाही, पण चौकट म्हणून आम्ही तेच धरतो. त्याचा गाभा असा की माहिती गुप्त ठेवायची, आणि जिवाला धोका असेल तेव्हा तो टाळण्यापुरती आवश्यक तेवढीच सांगायची.

पालकांना आणि मुलांना मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते या "तेवढीच"बद्दल. धोका वाढला म्हणून घरी फोन करायची वेळ आलीच, तर मी म्हणेन, "आज रात्री त्याला एकटं ठेवू नका, निघून या, आपण डॉक्टरांकडे जाऊ." दोन विषय राहिलेत, कुणावर प्रेम आहे, वडिलांबद्दल तो काय बोलला, यातला एक शब्दही त्या फोनमध्ये नसतो. आणि तो फोनही शक्यतो मुलाला सांगून, त्याच्यासमोर करते. मुलांना वाटतं झाकण उघडलं की सगळं सांडणार. पहिल्या भेटीत मुलांनी आमच्याकडून हे नीट विचारून घ्यावं: कोणत्या वेळी सांगाल, कुणाला सांगाल, आणि नेमकं काय सांगाल? समोरचा समुपदेशक अडखळला तर अडखळू द्या.

दुसऱ्या दिवशी गटात मी पानं वाचली. माझी अडचण अशी होती की चार भेटींत मी त्याला घरी सांगायच्या जवळ आणत होते आणि तो दर वेळी मागे सरकत होता. त्याची झोप, भूक, नैराश्याची प्रश्नावली, आत्महत्येचे विचार, बालपण, सगळं माझ्या पानांत होतं. सहा जणांनी ऐकलं. कुणी वडिलांविषयी विचारलं, कुणी औषधांविषयी. मानसोपचारतज्ज्ञांना एकदा दाखवून घ्या, असं दोघांनी बजावलं, ते बरोबरच होतं. मग मराठवाड्यातल्या एका कॉलेजातले सर, मूळचे गणिताचे, अतिरिक्त कार्यभारवाले, ज्यांच्याबद्दल मी आदल्या दिवशी मनातल्या मनात नाक मुरडलं होतं, ते म्हणाले:

"ताई, बॅकलॉगचा फॉर्म भरलाय का त्याने?"

मला माहीत नव्हतं. माझा कक्ष परीक्षा विभागाच्या जिन्याखाली आहे, आणि मी हे विचारलं नव्हतं.

"नसेल भरला," सर म्हणाले. "फॉर्मला पैसे लागतात. पैसे मागायचे तर घरी का ते सांगावं लागतं. तारीख गेली की वर्ष जातं. तुम्ही त्याला म्हणताय वडिलांना खरं सांग. त्याला मात्र तारीख दिसतेय." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "घरात त्याचं पहिल्यांदा कोण ऐकतं? वडील सोडा."

पानं गोळा करून आम्ही तिथेच फाडली. तो नियमच आहे.

सोमवारी तो वेळेआधीच आला. "काय म्हणाले?" मी सांगितलं. नाक मुरडल्याचंही सांगितलं. तो वेगळ्याच गोष्टीवर अडकला होता.

"किती वेळ चाललं हे?"

"चाळीस मिनिटं."

"चाळीस मिनिटं? माझ्यावर?"

फॉर्म भरला नव्हता. नेहमीची मुदत संपली होती, विलंब शुल्कासह दोन दिवस उरले होते. डॉक्टरांची वेळ आम्ही गुरुवारची घेतली. त्याला तो चटकन हो म्हणाला. वहिनींना फोन करायलाही तयार झाला, पण माझ्यासमोर नाही. बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. मी खिडकीशी रजिस्टर उघडून बसले आणि एकही ओळ लिहिली नाही. बऱ्याच वेळाने त्याने दारातून डोकं आत घातलं.

"वहिनी म्हणते, पैसे पाठवते, घरचं मी बघते, तू आधी जेव."

"मग?"

"मेस अडीचपर्यंत असते. आधी रांग बघतो." आणि त्या दिवशी तो खरोखरच फॉर्मचं विचारायला वर गेला.