'रॅडिकेट' ही छपाईची चूक नाही

जुन्या इंग्रजी पुस्तकात 'रॅडिकेटेड हॅबिट' असं वाचून तुम्ही विचारलंय, की 'इरॅडिकेटेड'मधला पहिला 'इ' छापायचा राहिला असेल का. नाही. 'रॅडिकेट' हा स्वतंत्र शब्द आहे आणि त्याचा अर्थ बरोबर उलटा आहे. इरॅडिकेट म्हणजे मुळासकट उपटणं, तर रॅडिकेट म्हणजे रुजवणं, मूळ खोल आणि घट्ट बसवणं. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५च्या कोशातही तो याच अर्थाने आहे. म्हणजे तुमच्या वाक्यातली सवय गेलेली नाही, चांगली मुरलेली आहे.

दोन्ही शब्दांच्या पोटात लॅटिन 'रादिक्स' आहे, म्हणजे मूळ. 'इ' हा 'एक्स'चा, म्हणजे 'बाहेर'चा, उरलेला तुकडा. आता आपला 'उन्मूलन' फोडून बघा: उद् अधिक मूल. उद् म्हणजे वर, बाहेर. घडण अगदी तीच! आणि रॅडिकेटेडला तर आपल्याकडे तयार जोडीदार आहे, 'बद्धमूल'. बद्धमूल समजूत, बद्धमूल संस्कार असं आपण लिहितोच, त्यामुळे मराठी वाचकाला हा शब्द परका वाटायचं कारण नाही.

ही जुळणी मला पहिल्यांदा दिसली तेव्हा मी कोश खाली ठेवूच शकलो नाही. रॅडिश हा शब्द रादिक्सवरून आला, आणि आपला मुळा मूळवरून. रॅडिकल म्हणजे मुळाशी जाणारा, आपण म्हणतो आमूलाग्र. गणितात वर्गमूळाच्या चिन्हालाही इंग्रजीत रॅडिकलच म्हणतात. बीजातून आधी बाहेर पडणारं कोवळं मूळ ते मात्र हे रॅडिकल (radical) नव्हे, तर radicle. उच्चार सारखा, पण स्पेलिंग वेगळं.

'डिरॅसिनेट' हाही याच घरातला, फक्त फ्रेंचमधून आलेला. शेक्सपिअरने 'हेन्री द फिफ्थ'मध्ये तो तण उपटण्यासाठी वापरलाय. आज तो बहुधा आपल्या मातीपासून तुटलेल्या माणसांबद्दल येतो.

साधा 'रूट' मात्र लॅटिनमधून आलेला नाही. तो इंग्रजीने जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतून घेतला. तरी भाषाशास्त्रज्ञ रूट आणि रादिक्स यांना एकाच आदिम इंडो-युरोपीय धातूची, म्हणजे या सगळ्या भाषांच्या पूर्वज भाषेतल्या एकाच शब्दमुळाची, लेकरं मानतात. रोजच्या बोलण्यात 'टेक रूट' पुरेसं असल्यामुळे रॅडिकेट मागे पडला असावा, असं मला वाटतं. तुम्ही लिहिताना तो वापरू नका, लोक तुमच्यासारखेच 'इ' शोधत बसतील.