चाकाच्या मागची वायर

चिपळूण तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी दहावीत, नववीला 84 टक्के. तिनं नारळाच्या करवंट्या लावून पाण्याचं चाक बनवलं आहे. ते लिहितात की टाकीतलं पाणी चाकावर पडतं, चाकाच्या डायनॅमोवर पंप चालतो, पंप तेच पाणी परत टाकीत चढवतो आणि वर एक दिवाही लागतो. गावात सत्कार झाला, पेपरात फोटो आला. एका एजंटानं पेटंटसाठी 40 हजार रुपये मागितले आहेत. आता त्यांचे प्रश्न: मुलीला कोणत्या शाखेला घालू? पेटंटवर आयआयटीत थेट प्रवेश मिळेल का? आणि हल्ली ती अभ्यासाला बसत नाही, चिडचिड करते, जिल्ह्याच्या प्रदर्शनाला येणार नाही म्हणते, तिला कसं समजवावं? पुरावा म्हणून त्यांनी मुलीच्या वहीच्या झेरॉक्स जोडल्या आहेत.

नमस्कार.

शाखेबद्दल नंतर लिहिते. आधी वहीबद्दल, कारण तुम्ही ती जोडलीत खरी, पण नीट वाचलेली दिसत नाही.

सातव्या पानावर तिनं लिहिलंय: "मोटर काढली. चाक 40 सेकंदांत थांबलं. परत केलं. 38 सेकंद. बाबांना सांगितलं."

ते शेवटचे दोन शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत. पंधरा वर्षांच्या मुलीनं प्रयोग केला, तोच पुन्हा करून खात्री करून घेतली आणि जे निघालं ते घरी सांगितलं. त्यावर तुम्ही तिला काय म्हणालात हे वहीत नाही, पण तुमच्या पत्रात आहे. मोटर "फक्त सुरुवातीच्या धक्क्याला" आहे, आणि लोकांना समजावत बसायला नको म्हणून तिची वायर पडद्यामागून घेतली, असं तुम्ही लिहिलंत. त्यानंतर शाल आली, नारळ आला, फोटो आला.

तिच्या चिडचिडीचं कारण तुम्ही अभ्यासात शोधताय. गावभर ज्याचं कौतुक चाललंय ते खरं नाही, हे तिला माहीत आहे. तुम्हाला सांगून झालं, त्याचा उपयोग झाला नाही. आता जिल्ह्याच्या प्रदर्शनात कुणी परीक्षक पडदा बाजूला करील आणि सगळ्यांसमोर मान खाली घालायची वेळ तिच्यावर येईल, तुमच्यावर नाही. ती येत नाही म्हणते यात तिचं काय चुकलं? घरात तेवढं स्पष्ट बोलणारी ती एकटीच आहे.

तुमच्या मनात वाईट नाही, हे मला कळतं. "आमचं नाव कुणी घेतलं नाही, लेकीचं तरी घ्यावं," हे वाक्य वाचून मी थोडा वेळ थांबले. पण नावाच्या मागे लागून तुम्ही तिला अशा जागी उभं केलंय, जिथे खरं बोललं तर बाप खोटा ठरतो. मुलं अशा वेळी गप्प बसतात. ही अजून बोलतेय, ते ऐका.

आता तुमचा मुद्दा. घाटघरला सरकार खाली आलेलं पाणी परत वर चढवून वीज करतं, मग आमची मुलगी का नाही, असं तुम्ही विचारता. हा गैरसमज मी बऱ्याच ठिकाणी ऐकते. घाटघरचा 250 मेगावॅटचा प्रकल्प वरच्या धरणातलं पाणी खालच्या धरणात सोडून वीज करतो, हे खरं. पण ते पाणी वर चढवायला ग्रिडमधली वीज घ्यावी लागते, आणि मिळते त्यापेक्षा जास्त घ्यावी लागते. ढोबळ हिशोबानं चार युनिट घालावेत तेव्हा तीन हाती येतात. मागणी कमी असताना शिल्लक असलेली वीज पाण्याच्या रूपात वर साठवायची आणि संध्याकाळी निकड असते तेव्हा काढून घ्यायची, एवढंच तिथे होतं. ती साठवण आहे, उत्पन्न नाही. तुमच्याकडच्या जुन्या रहाटाचंच बघा. गाडग्यांची माळ पाणी वर आणायची, पण जू बैलाच्या मानेवर असायचं. बैल सोडला की रहाट थांबायचा. तुमच्या मांडणीत बैलाच्या जागी ती मोटर आहे. कोयनेचं पाणीसुद्धा एकापेक्षा जास्त वेळा वीज देतं, पण वर न जाता. पोफळीला चाकं फिरवून ते कोळकेवाडीला येतं, तिथून आणखी खाली पडताना पुन्हा वीज देतं आणि मग वाशिष्ठीला मिळतं. प्रत्येक वेळी ते उंची गमावतं.

आकडे तुमच्या मुलीनंच दिलेत. 15 लिटरची बादली 30 सेकंदांत भरते, म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर. टाकी चाकापासून 1.2 मीटर उंच. या पाण्यात एकूण ताकद जेमतेम 6 वॅट, तीही काहीच वाया गेलं नाही असं धरलं तर. मागची अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर 370 वॅटची आहे.

एजंटाला एक रुपयाही देऊ नका. निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध जाणाऱ्या दाव्याला आपल्या 1970 च्या पेटंट कायद्याचं कलम 3 पेटंट देत नाही. अर्ज केल्यावर नंबर मिळतो, तो दाखवून हे लोक पेटंट मिळालं म्हणून सांगतात. आणि पेटंटवर आयआयटीच्या बी.टेक.ला थेट प्रवेश मिळत नाही.

आता तिसऱ्या पानाकडे या. माझ्या मते तिचं खरं काम तिथे आहे, आणि त्याचं कौतुक कुणीच केलेलं नाही. तिनं एकाच धारेखाली आधी 8, मग 12, मग 16 करवंट्या लावून मिनिटाला किती फेरे होतात ते मोजलं: 41, 52 आणि 47. सोळाला वेग उतरला. समोर तिनं लिहिलंय, "पाणी उडून पुढच्या करवंटीच्या पाठीवर बसतं, म्हणून?" त्या प्रश्नचिन्हासाठी मी तिला शंभर मार्क देईन.

कारण नेमक्या याच अडचणीवर एक मोठी सुधारणा झाली. लेस्टर पेल्टन हा कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींच्या भागात काम करणारा कारागीर होता. वाडग्याच्या मधोमध धार आदळली की पाणी उसळून अडथळा करतं. त्यानं वाडग्याच्या मध्ये एक धारदार कणा ठेवला. धार दुभंगते, दोन्ही बाजूंनी वळून जवळजवळ उलट दिशेला फिरते आणि सगळा वेग चाकाला देऊन निमूट खाली पडते. 1880 मध्ये त्याला पेटंट मिळालं. 1883 च्या एका चाचणीत त्याच्या चाकानं पाण्यातली 90 टक्क्यांहून जास्त शक्ती पकडली. पोफळीच्या भूमिगत वीजगृहात त्याच जातीची चाकं फिरतात. तुमच्या लेकीचा प्रश्न आणि ते वीजगृह यांच्यात फार अंतर नाही.

हे क्षेत्र संपलंय असंही समजू नका. सतलजवरच्या नाथपा झाकडी या जलविद्युत प्रकल्पात गाळातली कठीण वाळू टर्बाइनचं पोलाद खाते, म्हणून पात्यांवर टंगस्टन कार्बाइड या फार कठीण पदार्थाचे लेप द्यावे लागतात. उत्तराखंडात घराट नावाच्या जुन्या पाणचक्क्या आहेत. त्यांच्या सपाट लाकडी पात्यांच्या जागी वळणदार लोखंडी पाती आणि बेअरिंग बसवली की त्याच झऱ्यावर दळण वाढतं, वर थोडी वीजही मिळते. अशा कामासाठी मेकॅनिकल इंजिनिअरिंग करून रुरकीच्या आयआयटीत जल आणि अक्षय ऊर्जेच्या विभागात एम.टेक. करता येतं, किंवा दहावीनंतर डिप्लोमा करून पुढे पदवी. सीईटी, जेईई त्या त्या वेळी येतील. आज शाखा ठरवू नका. अकरावीत गणित आणि भौतिकशास्त्र ठेवलं की पुरे.

प्रदर्शनाला तिला पाठवा, पण मोटरशिवाय. टाकी माणसानं भरायची आणि फलकावर लिहायचं: करवंट्यांची संख्या आणि चाकाचा वेग. वर्गशिक्षकांना भेटून मोटरबद्दल तुम्ही स्वतः सांगा. तिला सांगायला लावू नका, ती चूक तुमची आहे. आणि त्याआधी, आज संध्याकाळीच, तिला सांगा की सातवं पान वाचलं आणि ते बरोबर आहे.

आता थोडं तुझ्यासाठी, बाळा.

तू रिकामं फिरणारं चाक मोजलंस. त्याच्यावर काम लाद. आसाला दोरी गुंडाळ, टोकाला दोन लिटरची भरलेली बाटली बांध आणि ती एक मीटर वर यायला किती सेकंद लागतात ते बघ. 10 सेकंद लागले तर तुझं चाक सुमारे 2 वॅट देतंय, म्हणजे पाण्यातल्या सहापैकी दोन. जॉन स्मीटन नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं असंच दोरीनं वजन उचलून छोट्या चाकांचं मोजमाप केलं होतं आणि 1759 मध्ये ते मांडलं. खालून ढकललं जाणारं चाक पाण्याची साधारण तिसरा हिस्सा शक्ती घेतं आणि वरून भरणारं दोन तृतीयांश, हे त्यानं दाखवलं. छापण्याआधी त्यानं काही वर्षं थांबून ते खऱ्या गिरण्यांवर ताडून पाहिलं होतं.

मग करवंटीच्या मधोमध एम-सीलचा कणा उभा कर आणि 8, 12, 16 ला पुन्हा मोज. प्रत्येक माप तीनदा घे. बाटली उचललीच गेली नाही तर तेही लिही. घरामागच्या पऱ्याला दिवाळीपर्यंतच पाणी असतं असं बाबांनी कळवलंय, तेव्हा टाकी सोड आणि चाक तिथे ने. वहीची पुढची पानं मला पाठव, या वेळी तू स्वतः.