'मी एकटीच आलो' : बेळगावकडच्या बायकांचा 'मी'

पुण्यात संज्ञापन विषयात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. निपाणी, खानापूर आणि बेळगावच्या वडगाव भागातल्या बायकांच्या मुलाखती तिने घेतल्या. विषय त्यांचं काम, शिक्षण, आरोग्य, आणि त्या स्वतःची ओळख कशी सांगतात हा. मुलाखती कागदावर उतरवल्या तर पानोपानी 'मी जातो', 'मी शिकलो नाही', 'मी आजारी होतो'. मार्गदर्शकांनी सुचवलं की हे सगळं 'जाते, शिकले, होते' असं करून टाक, नाहीतर पुरुष बोलतोय असं वाचणाऱ्याला वाटेल. ती विचारते, हे मराठी चूक आहे का? दुरुस्त करू का?

दुरुस्त करू नकोस. (माझ्या लेकीच्या वयाची आहेस म्हणून 'तू' म्हणते.) दुरुस्त करण्यासारखं तिथे काही बिघडलेलंच नाही, आणि दुरुस्त केलंस तर तुझ्या अभ्यासातला एक चांगला पुरावा हातचा जाईल.

तूच पाठवलेलं एक वाक्य घेऊ. निपाणीची बाई सांगते, 'पहिल्या पोराच्या वेळी मी आठव्या महिन्यापर्यंत विड्या वळत होतो.' हे वाक्य पुरुषाचं आहे असं कुणाला तरी वाटेल का? दुसरं वाक्य वडगावचं, विणकामासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाईचं: 'मी घरात थोरली, म्हणून लवकर कामाला लागलो.' इथे जरा थांब. 'थोरली' स्त्रीलिंगी, आणि त्याला लागूनच 'लागलो'. आमच्या बेळगावकडे 'मी एकटीच आलो' हे रोजचं वाक्य आहे. विशेषणात बाई बाईच आहे. शेजारीण तिला 'कधी आलीस?' असं विचारते, तिच्या माघारी 'ती आली' असंच म्हणते. म्हणजे लिंगाचं भान सुटलेलं नाही. फक्त 'मी'बरोबरच्या क्रियापदाने लिंग दाखवणं सोडलं आहे. पुण्यात 'जातो' पुल्लिंगी असेल. बेळगाव, निपाणी, खानापूरकडे आणि वर कोल्हापूर, सांगलीच्या बाजूलाही पुष्कळ बायकांच्या तोंडी ते 'मी'चं रूप आहे, बाईचंही आणि बुवाचंही.

असं का झालं? पहिलं उत्तर सगळ्यांना सुचतं ते कानडीचं, आणि त्यात दम आहे. कानडीत 'नानु होगुत्तेने' म्हणजे मी जातो आणि मी जाते, दोन्ही. 'नानु बंदे' म्हणजे मी आलो आणि मी आले. लिंग दिसतं ते तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना: 'अवनु होगुत्ताने' म्हणजे तो जातो, 'अवळु होगुत्ताळे' म्हणजे ती जाते. आता आमच्या बायकांचं मराठी याच्या शेजारी ठेवून बघ. 'मी'ला लिंग नाही, 'तो' आणि 'ती'ला आहे. साचा तोच. ज्या गल्लीत सकाळी भाजीवालीशी कानडी, घरात मराठी आणि संध्याकाळी पुन्हा कानडी असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं, तिथे दोन भाषांचे साचे जवळ येणारच. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषेच्या अभ्यासकांनी असाच मेळ अभ्यासला आणि १९७१ साली मांडला. एकाच गावातल्या मराठी, कानडी आणि उर्दूची वाक्यरचना इतकी जवळ आलेली की शब्दाला शब्द बदलला तरी वाक्य उभं राहावं. बोलीच्या अभ्यासात आपल्या भागाचा हा दाखला जगभर दिला जातो. त्याचा मला फार अभिमान वाटतो.

पण सगळं कानडीच्या पदरात टाकणं मला पटत नाही. मराठीच्या आतही याला जागा तयार होती. 'आम्ही जातो', 'आम्ही आलो' हे बाया म्हणोत की बाप्ये, प्रमाण मराठीतही एकच आहे. बाईच्या तोंडात 'आम्ही आलो' रोज असतंच. त्यातलं 'आलो' 'मी'ला लावायला एक पाऊलही टाकावं लागत नाही. शिवाय 'मी जाईन', 'मी जाऊ?', 'मी चहा केला', 'मला भूक लागलीय' यातून बोलणारी बाई आहे की पुरुष हे पुण्यातसुद्धा कळत नाही, आणि कुणाचं काही अडत नाही. आपल्या खानापूरला खेटून असलेल्या गोव्यातल्या कोंकणीत 'हांव वतां' बाईही म्हणते आणि पुरुषही. म्हणजे 'मी'ला लिंग नसणं हा या पट्ट्यातला अपवाद नाहीच. कानडीने वारा घातला, ठिणगी घरातली होती, असं मी मानते.

हे मोकळेपणाने म्हणणं आमच्याकडे अवघड जातं, तेही तुला माहीत असावं. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून मराठी ही इथे नुसती बोलण्याची गोष्ट राहिली नाही. आपण कोण हे सांगण्याची झाली. त्यामुळे 'तुमच्या मराठीत कानडी आहे' असं कुणी म्हटलं की आमच्या माणसाला ते घाव घातल्यासारखं लागतं. मग आपलेच काही लोक ती रूपं झाकायला बघतात. झाकू नयेत. अक्का आणि अण्णा आपण कानडीतून घेतले म्हणून ताई आणि दादा कुठे गेले नाहीत.

मी स्वतः खानापूर तालुक्यातली. बारावीनंतर पुण्याला शिकायला गेले. पहिल्याच आठवड्यात वर्गात 'मी काल आलो' म्हणाले आणि मागच्या बाकावरून 'मुलगा आहेस की मुलगी?' असं आलं. शिकवणारेही हसले. पुढचे दोन-तीन महिने मी वर्गात तोंड उघडलं नाही. उत्तर येत असूनही हात वर केला नाही, कारण प्रत्येक वाक्याचा शेवट आधी मनात तपासावा लागायचा. शिक्षणावर बोलीचा काय परिणाम होतो हे शोधताना गुणपत्रिका पाहतात. न बोललेली उत्तरं कुठल्याच कागदावर येत नाहीत. दिवाळीला घरी आले आणि आईला 'मी नळावर जाऊन येते' म्हटलं, तर आई गप्पच झाली. मग हळूच म्हणाली, 'आता आमच्यासारखं बोलत नाहीस तू.' त्या 'येते'ने तिला जे दुखलं ते मला पुण्यातल्या हसण्यापेक्षा जास्त लागलं.

समोरच्याला पाहून माणूस आपलं बोलणं त्याच्याकडे सरकवतो, किंवा मुद्दाम अंतर ठेवतो, हे हॉवर्ड गाइल्स या संज्ञापनाच्या अभ्यासकाने १९७० च्या दशकात मांडलं. तुझ्या शाखेत ते शिकवतातच. तुझ्या मुलाखतींत ते शोध. तुझ्याकडे ध्वनिमुद्रण आहे ना? मग मजकूर पुन्हा ऐकताना कान एवढ्यावरच ठेव: पुण्याहून आलेल्या तुझ्याशी बोलताना ती बाई कुठे 'जाते' म्हणाली आणि मध्येच सुनेला हाक मारून 'मी येतो गं, थांब' कुठे म्हणाली. वखारीतल्या कामाबद्दल सांगताना 'जातो' आणि शाळेच्या आठवणी सांगताना 'शिकले' असं होतंय का? दवाखान्यात डॉक्टरांपुढे काय बोलले हे सांगताना तिचं रूप बदलतं का? असे बदल सापडले तर ती तुझ्या प्रबंधाची मोलाची पानं होतील, आणि मार्गदर्शकांच्या सूचनेप्रमाणे सगळं सरसकट 'जाते, शिकले, होते' असं केलं तर ती कायमची पुसली जातील.

वाचणाऱ्याच्या गोंधळाची मार्गदर्शकांची काळजी खोटी नाही. पण त्यासाठी बाईचं वाक्य बदलायला नको. प्रत्येक उताऱ्याच्या डोक्यावर 'स्त्री, वय ४६, विडी कामगार, निपाणी' एवढं लिही. सुरुवातीला एकदाच सांग की या भागात 'मी जातो' हे रूप स्त्रिया आणि पुरुष दोघेही वापरतात. तुझ्या स्वतःच्या निवेदनात तिच्याबद्दल 'ती जाते' लिही, ते तुझं मराठी आहे. अवतरणचिन्हांच्या आत मात्र तिचं. 'होतो'पुढे कंसात 'होते' घालू नकोस, तारका लावून 'मूळ बोलीनुसार' अशी तळटीपही नको. तशी खूण दिसली की वाचणारा तिच्या आठव्या महिन्याकडे आणि मांडीवरच्या सुपाकडे न बघता तिच्या व्याकरणाकडे बघत बसतो.

एक विनंती. प्रबंध पुरा झाला की त्या बायकांना त्यांचे उतारे वाचून दाखव, जसे बोलले गेले तसेच. आईला मी एकदा तिचंच बोलणं असं लिहून वाचून दाखवलं होतं. दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाली, 'व्हय, हे मीच बोललो.'