इंग्लंडमधलं स्विंडन राहायला खरंच रटाळ आहे का?

तुमच्या मिस्टरांना तिथे नोकरी मिळतेय आणि लंडनच्या नणंदबाई म्हणतात, "मुलं कंटाळतील." लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून रेल्वेने तासाभराचा रस्ता आहे. त्या कधी गेल्यात का, ते आधी विचारा.

आम्ही 1967 साली मिरजेहून तिथे गेलो, मी चार वर्षांचा होतो. बाबा हॉस्पिटलात डॉक्टर. 1979 मध्ये मी रेल्वे कारखान्यात शिकाऊ फिटर म्हणून लागलो, तर बाबांनी दोन महिने अबोला धरला. डॉक्टरचा मुलगा आणि हातात कानस! सुरुवातीला खरोखर कानसच होती. लोखंडाचा ठोकळा घासायचा, गुण्या लावून खिडकीकडे धरायचा, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचा. बोटांना फोड यायचे, आई हळद-तूप लावायची.

स्विंडनची माणसं कारखान्यात कामाला असण्याला "आत असणं" म्हणत. रुळांखालच्या बोगद्यातून शेकडो बूट एकदम आत जायचे. आईनेही हाच शब्द उचलला आणि मिरजेला पत्र टाकलं, "धाकटा आता आत असतो. डबा रोज देते." मामाची तार आली, वकिलाचे पैसे पाठवू का! बाबा हसले, अबोला सुटला. तार मात्र त्यांनी जपून ठेवली. पुढे वाद झाला की, "तुझ्या मामाला आधीच कळलं होतं."

1985 मध्ये, ज्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेने हा कारखाना उभारला तिच्या दीडशे वर्षांच्या सोहळ्याची धामधूम चालू असतानाच कारखाना बंद होणार असं जाहीर झालं. 1843 पासून चाललेला, एके काळी चौदा हजार माणसांचा कारखाना मार्च 1986 मध्ये संपला. शेवटी आमच्याकडे डागडुजी आणि जुनी डिझेल इंजिनं कापणं एवढंच उरलं होतं. बाबा म्हणाले, "सात वर्षं भंगारात." मी गप्प बसलो.

उत्तर सुचलं ते फार उशिरा. याच कारखान्याच्या कामगारांनी 1847 पासून पगारातून वर्गणी काढून स्वतःचे डॉक्टर ठेवले, औषधं दिली, पुढे मिल्टन रोडला पोहण्याचा तलाव बांधला. मी पोहायला तिथेच शिकलो. एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, आली 1948 मध्ये. बाबांचा पगार जिथून यायचा, तसली व्यवस्था आमच्या फिटर-लोहारांनी शंभर वर्षं आधी चालवून दाखवली होती. हे बाबांना ऐकवायचं राहून गेलं, तुम्हाला ऐकवतोय.

तर मुलांचं म्हणाल, तर खुशाल न्या. कारखान्याच्या जुन्या इमारतींत आता रेल्वेचं संग्रहालय आहे आणि कपड्यांची दुकानं. कपड्यांत वेळ घालवू नका. पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले गोवेकर तिथे हजारोंनी आहेत, बांगड्यावाचून अडणार नाही. आणि मुलगा सोळाव्या वर्षी कानस धरतो म्हणाला तर धरू द्या, दोन महिने अबोला नको.

हो, एक सांगायचं राहिलं: मी 1988 मध्येच ते शहर सोडलं. तिथला होंडाचा मोटारींचा कारखानाही 2021 मध्ये बंद झाला, तेव्हा मिस्टरांची नोकरी किती पक्की आहे ते नीट विचारून घ्या. शिवाय मॅजिक राउंडअबाउट म्हणून एक चौक आहे, एका मोठ्या गोलाभोवती पाच छोटे गोल, आणि मधल्या गोलाला गाड्या उलट्या फिरतात. पहिल्यांदा मिस्टरांनाच चालवू द्या, नणंदबाईंना मागे बसवा.