वाकडी चाल की आडवळणाची धून?

उत्तर कॅरोलिनात राहणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी तिथल्या ॲपलाचियन डोंगरातलं 'ओल्ड-टाइम' संगीत बँजोवर शिकते. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात ती एक 'क्रुकेड ट्यून' वाजवणार आहे. निवेदनात त्याला मराठीत काय म्हणावं? त्यांनी 'वाकडी चाल' असं लिहिलं आणि घरातले सगळे हसले.

हसणारच! मराठीत चाल वाकडी असते ती माणसाची, आणि ती कुणी कौतुकानं सांगत नाही. 'चाल' बदलून 'गत' करावं, सतारीची असते तशी, तर 'वाकडी गत' ऐकून लोक तब्येतीची चौकशी करतील. शिवाय चाल म्हटलं की आपल्याला गाण्याचे शब्द अपेक्षित असतात, आणि या डोंगरी रचना बऱ्याचदा नुसत्या फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि बँजोच्या. तेव्हा ट्यूनला सरळ 'धून' म्हणू या.

राहिलं 'क्रुकेड'. ही वाद्यं मुख्यतः नाचासाठी वाजत. नेहमीच्या धुनेचे दोन भाग, प्रत्येक दोनदा. एका भागाला पायाचे सोळा ठोके, म्हणजे पूर्ण फेरीला चौसष्ट. नाचणाऱ्यांची पावलं या हिशेबावर बेतलेली. क्रुकेड धुनेत हा हिशेब मोडतो. परवा एक जुनं ध्वनिमुद्रण लावून मांडीवर ठेका धरून बसलो. पहिला भाग दोन्ही वेळा सोळावर सुटला. दुसऱ्या भागात शेवटचा सूर गजावर जरा जास्त रेंगाळला आणि माझी टाळी पुढच्या ओळीच्या एक ठोका आधीच पडली. वाटलं, आपलंच चुकलं. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा सतराच. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. इथे अंगण खरोखरच वाकडं असतं.

यामागचं एक कारण असं सांगतात की आडगावातले फिडलवाले पुष्कळदा नाचाविना, एकटेच घरी वाजवत. पावलांचा धाक नसला की सूर हवा तेवढा धरता येतो. एकदा धरलेला तो जादा ठोका मग धुनेचाच होऊन बसतो. वाजवणारा प्रत्येक फेरीत तो तिथेच घालतो. म्हणून 'अडखळती धून' हा शब्द मला चालणार नाही. अडखळतो तो ऐकणारा. 'विषम'मध्ये गणिताचा वास येतो. 'आडी' म्हणावं तर आपल्याकडच्या तबलजींना आडलय आठवेल, आणि ती गोष्टच निराळी.

माझा कौल 'आडवळणाची धून' या शब्दाला. आडवळणाचं गाव हमरस्त्यावर नसतं, पण तिथल्या माणसाला वाट चुकल्यासारखं वाटत नाही. हा जादा ठोका नेमका तसाच आहे. शब्दाला डोंगराचा घाटही आपोआप येतो.

जतनाचा प्रश्नही या एका ठोक्याशी येऊन ठेपतो. नोटेशन लिहिणारा कधी तो ठोका चूक समजून छाटतो, आणि दहाजण एकत्र वाजवायला बसले की सोयीसाठी धून आपोआप सोळावर येते. म्हणून मूळ आवाज हाताशी हवा. 1966-67 मध्ये लोकसंगीताचे अभ्यासक ॲलन जॅबूर यांनी व्हर्जिनियातल्या ग्लेन लिन गावी जाऊन हेन्री रीड या ऐंशी ओलांडलेल्या फिडलवाल्याच्या धुना टेपवर घेतल्या. 1968 मध्ये रीड वारले. आज तो संग्रह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे आणि घरबसल्या ऐकता येतो. टॉमी जॅरेल या उत्तर कॅरोलिनातल्या फिडलवाल्याकडे तर तरुण मुलं थेट माउंट एअरीजवळच्या घरी जात, मुक्कामाला राहत आणि समोर बसून उचलत. हे मला अधिक पटतं. रेंगाळणं कागदावर एकवेळ लिहिता येईल, पण ते किती आणि कसं हे हाताकडे बघूनच कळतं.

'ओल्ड-टाइम'ला 'जुनं संगीत' म्हणू नका, 'जुन्या वळणाचं' म्हणा. अक्षराला वळण असतं तसं इथे प्रत्येकाच्या हाताला असतं. हे नाव 1920च्या दशकात ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी खपासाठी रूढ केलं, म्हणजे 'जुनं' हे लेबल त्या मानानं नवंच!

मुलीला मंचावर सांगण्यासाठी आणखी एक गंमत. धुनेच्या खालच्या पट्टीतल्या भागाला तिथले जुने फिडलवाले 'कोर्स' (coarse) म्हणत आणि वरच्या पट्टीतल्याला 'फाइन' (fine). मराठीत हे शब्द शोधायला नकोत. जाड आवाज, बारीक आवाज. जाड तार, बारीक तार. आपलं सगळं तयारच आहे.

आणि निवेदनात एक वाक्य जरूर घाला: 'कृपया टाळ्यांचा ठेका धरू नये.' मंडळाचे प्रेक्षक धरतातच, आणि सतराव्या ठोक्याला अख्ख्या सभागृहाची टाळी चुकली की बघणारे बिचारीकडेच बघतील.